पात्रं मारायची घाई : एका मराठी रोलप्ले गटाविषयी

गेल्या दिवाळीपासून मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच्या एका मराठी रोलप्ले गटात लिहितेय. ज्याला मराठीत गोष्ट रचायची हौस आहे आणि रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर मोकळा मिळतो, त्याने तिथे जरूर यावं, हे आधीच सांगून टाकते. पण या गटाला एक खोड लागलीय, ऊठसूट पात्रं मारायची. इतका चांगला गट त्यापायी आतून पोखरला जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून हे परीक्षण नेहमीपेक्षा लांब झालंय.

गटाचं नाव देत नाही. चालवणारी मुलं कॉलेजातली आहेत, एक पैसा न घेता पदरचा वेळ घालतात, त्यांना चारचौघांत बोल लावायची माझी इच्छा नाही. शिवाय माझी इंदूरची भाची हिंदी-इंग्रजी गटांत बरीच वर्षं खेळतेय. ती म्हणते, "मावशी, हे सगळीकडे असंच आहे गं." म्हणजे जे सांगायचंय ते एका गटापुरतं नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून, पाळीपाळीने लिहायचं. मी लिहिलं की दारावर थाप पडली, तर दार कोण उघडणार आणि उघडून काय बोलणार हे दुसऱ्याच्या हातात. टपरबॉक्स नावाचा एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आहे, तो आपला मजकूर पात्राच्या नावाने आणि चित्रासकट दाखवतो, त्यामुळे वाचताना खरंच वाटतं की समोर माझं पात्र यमुनाबाई बोलतायत, बडोद्याच्या दांडिया बाजारातली मी शाळामास्तरीण नव्हे. या गटाची गोष्ट एका काल्पनिक मराठी संस्थानात घडते, काळ १८९५ ते १९०५ च्या आसपासचा. दरबार, तालीम, छापखाना, खानावळ, घाट, वेस अशी एकेक जागा म्हणजे एकेक चॅनल.

आणि या जागा फार प्रेमाने उभ्या केल्यात. खेळणारे बहुतेक बडोद्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे आहेत, म्हणजे ज्यांच्या घरात गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या गोष्टी अजून निघतात असे. तालमीचं चॅनल बडोद्याच्याच एका मुलाने उभं केलं, जुम्मादादा व्यायाम मंदिराबद्दल आजोबांकडून ऐकलेलं सगळं त्यात ओतून. लाल माती, तेल, मल्लखांबाचा खांब, सकाळी पाचला सुरू होणारी कसरत. ग्वाल्हेरच्या एकीने घाटावर एक बुवा बसवलेत, ते पहाटे तानपुरा लावतात आणि कुणी बोललं की हात वर करून गप्प करतात. इंदूरच्या एकाने सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली जशीच्या तशी आणून ठेवलीय. काळाचा हिशेब त्यात जुळत नाही, पण ओट्यावरच्या कढईचा वास मात्र खरा आहे.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पहिलाच नियम: घरी जसं बोलता तसं लिहा. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना मराठी लिहायची केवढी धास्ती असते हे मी रोज बघते. पुण्याचं कुणीतरी हसेल म्हणून ती गप्पच राहतात. इथे कुणी कुणाचं व्याकरण काढत नाही. गुजराती वळणाचं, हिंदी वळणाचं, सगळं चालतं, आणि त्यामुळे पात्रंही निरनिराळ्या सुरांत बोलतात. गटात शिरण्यासाठी एक अर्ज असतो. पात्राचं नाव, वय, धंदा हे तर असतंच, पण 'कुणाचं देणं लागतो' आणि 'कशाला घाबरतो' हेही विचारतात. ज्याने हे दोन प्रश्न घातले त्याचं मला कौतुक वाटतं. मॉड, म्हणजे गट सांभाळणारी मुलं, एक-दोन दिवसांत उत्तर देतात आणि अर्ज परत पाठवला तरी का ते नीट समजावून सांगतात.

आता त्या खोडीबद्दल.

पावसाळा सुरू झाला तसं संस्थानात एकेक जण जाऊ लागला. दिवाणांचा मुलगा द्वंद्वात गेला. कीर्तनकारांची मुलगी विहिरीत सापडली. छापखान्यातला जुळारी क्षयाने गेला, पहिलवान विषाने गेला, आणि सावकाराच्या घरचे दोघे भाऊ पाठोपाठ गेले. प्रत्येकाच्या मरणाची लांबलचक पोस्ट. बाहेर पाऊस, आत मिणमिणता दिवा, उशाशी कुणीतरी, शेवटचा अर्धा राहिलेला शब्द. खाली वाचणाऱ्यांनी दिलेल्या बदामांची, म्हणजे हृदयाच्या चिन्हांची, रांग. आणि आठवडा उलटायच्या आत त्याच लेखकाचं नवं पात्र गाठोडं काखेत मारून वेशीतून आत शिरतंय. गावात कुणी कुणाला विचारत नाही की काल इथून कोण गेलं.

पहिलवानाचंच सांगते, कारण ते माझ्या दारात घडलं. माझं पात्र यमुनाबाई, नवऱ्यामागे छापखाना चालवणारी. तालमीने कुस्त्यांचा फड भरवायचं ठरवलं आणि पहिलवान स्वतः हँडबिलं छापायला सांगायला आला. आमची दोघांची चांगली जुगलबंदी झाली. त्याला आपलं नाव मोठ्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या मोठ्या अक्षरांत, हवं होतं आणि मोठे खिळे माझ्याकडे अपुरे होते, 'ह' तर एकच शिल्लक. शेवटी ठरलं की नाव दोन ओळींत तोडायचं आणि पैसे फडानंतर द्यायचे. मी खिळे जुळवल्याचं लिहिलं, पहिला कागद काढल्याचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर पहिलवान मेलेला. कुणी विष घातलं, का घातलं, काही नाही. मी लिहिलं की यमुनाबाई ओल्या शाईचा गठ्ठा घेऊन तालमीच्या दारात उभ्या आहेत, वरच्या कागदावर त्याचं नाव दोन ओळींत तुटलेलं आहे, आणि हे आता कुणाच्या हातात द्यायचं ते त्यांना कळत नाही. त्या पोस्टला उत्तर आलं नाही. लेखक नव्या पात्राच्या अर्जात गुंतला होता, आता त्याला फोटोग्राफर व्हायचं होतं. यमुनाबाई अजून त्या दारात उभ्या आहेत.

रोलप्लेतलं पात्र एकट्याच्या मालकीचं नसतं, हे माझं म्हणणं आहे. अर्ज एकाने भरलेला असतो, पण पात्र मोठं होतं ते इतरांनी त्याला हाका मारल्या म्हणून. कुणी त्याला उधार दिलेलं असतं, कुणी त्याच्याशी अबोला धरलेला असतो. कादंबरी लिहिणारा आपलं पात्र मारतो तेव्हा सगळे धागे त्याच्याच हातात असतात, ते कुठे बांधायचे ते तो बघून घेतो. इथे एकाने मारलं की पाच जणांच्या हातातले धागे मधेच तुटतात आणि ते बांधायला कुणी उरत नाही.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आमच्या गटात, आणि मजकुरावर चालणाऱ्या बहुतेक गटांत, दुसऱ्याचं पात्र त्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की इथलं प्रत्येक मरण हे लेखकाने स्वतः ठरवलेलं असतं. फाशांच्या खेळात तसं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला. सुरुवातीला त्यात हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, शून्यावर आले की पात्र सरळ मेलं, पण तेव्हा तीन-तीन फासे टाकून घटकाभरात दुसरं पात्र उभं राहायचं, त्यामुळे कुणी फार मनाला लावून घेत नसे. आता पात्रात जीव गुंतवून खेळतात, तर नियमही तसे झालेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेलं पात्र दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतं. दहा किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन यशं आधी झाली तर जीव तगला, तीन अपयशं आधी झाली तर संपलं. एक पडला तर दोन अपयशं एकदम, वीस पडला तर पात्र उठून बसतं.

उन्हाळ्यात इंदूरला बहिणीकडे गेले होते तेव्हा भाचीचा असा एक डाव शेजारी बसून पाहिला. तिच्या पात्राची दोन यशं आणि दोन अपयशं झाली होती. कानाला हेडफोन लावलेली ती पोर, पलीकडे चार गावांतले चार जण, आणि कुणी श्वास घेईना. फासा तेरावर थांबला तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून धावत आली, इतका आरडाओरडा झाला. तिथे मरण न बोलावता येतं आणि सगळे मिळून त्याला परतवायला बघतात. गेलेल्याला परत आणायचीसुद्धा किंमत ठरलेली आहे: एका मिनिटाच्या आत उठवायचं तर ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे, दहा दिवसांच्या आत उठवायचं तर ५०० चा हिरा. ते हिरे सोबत्यांनी आपल्या झोळीतून काढायचे असतात. म्हणजे मरणाचा भार सगळ्यांवर पडतो. आमच्याकडे फासा नाही, हिरा नाही, कुणाला काही द्यावं लागत नाही. तर मग लेखकाने तरी थांबून विचार करायला नको का?

असं का होतं हे मी बरेच दिवस बघत होते. मुलं निर्दय नाहीत, उलट फार हळवी आहेत. गटाची घडणच त्यांना तिकडे ढकलते. एकाला दोनच पात्रं ठेवता येतात, असा नियम होता. तिसरं सुचलं की एक जागा रिकामी करावी लागे, आणि जागा रिकामी करायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता ते उघड आहे. महिनाभर लिहिलं नाही तर पात्र काढून टाकत, म्हणून परीक्षा जवळ आली की मुलं आपणच मारून मोकळी होत. नव्या पात्राचं स्वागत जोरात होतं, सगळे येऊन त्याच्याशी बोलतात. जुनं पात्र रोज दुकान उघडतं आणि बंद करतं, त्याला कोण बदाम देणार? मरणाची पोस्ट टाकली की निदान एक रात्र सगळे तुमच्याकडे बघतात. शिवाय त्या पोस्टला कुणी उलट उत्तर देऊ शकत नाही. जिथे दर वाक्य दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागतं, तिथे शेवटचा शब्द आपलाच राहण्याचं सुख काय असतं ते मला समजतं.

आणि मधल्या काळाची भीती असते. सुरुवात सुचते, शेवट सुचतो, मधे काय करायचं ते सुचत नाही. इंदूरचा एक मुलगा, विशीतला, त्याने मला एका रात्री खासगीत लिहिलं, "मावशी, मी त्याला मारून टाकू का? आता त्याचं काही बनत नाहीये." त्याचं पात्र म्हणजे टपाल वाटणारा हरी. मी विचारलं, अर्जात काय लिहिलं होतंस, तो कुणाचं देणं लागतो? म्हणाला, खानावळीचे चार महिने थकलेत. आईला पत्र लिहिलेलं नाही, गावभर दुसऱ्यांची पत्रं वाटतो आणि स्वतःचं एक लिहीत नाही. आणि कशाला घाबरतो? कुत्र्यांना, म्हणाला, आणि दिवाणांच्या वाड्यात पत्र द्यायला जावं लागतं त्याला. मी म्हटलं, अरे, हे सगळं पडलंय आणि तू म्हणतोस बनत नाही? मग हरीने एक पत्र उशिरा पोचवलं, त्यामुळे एक सोयरीक मोडली, त्याची नोकरी गेली, आणि तो आईला पत्र लिहायला माझ्या छापखान्याच्या पायरीवर येऊन बसला. मायना लिहिला आणि अडला. 'तीर्थरूप आईस' एवढ्यावर तो बसून राहिला आणि गावातला जो येईल तो त्याला पुढचं वाक्य सुचवू लागला. सबंध गटात मला सगळ्यात जास्त आवडलेलं लिखाण हेच.

मी संस्कृत शिकवते, त्यामुळे हे पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे हा दोष फार पूर्वी ओळखलेला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात सांगितलं की जो रस पूर्ण पोसला गेला त्याला पुन्हा पुन्हा पेटवत बसलं की रसाचीच हानी होते. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात हा रसदोषांमध्ये धरला आणि उदाहरण दिलं ते कुमारसंभवातल्या, मदन जळाल्यावर रतीने केलेल्या विलापाचं. म्हणजे कालिदासालाही सोडलं नाही! तो तर एकाच मरणावरचा एकीचाच विलाप. आमच्या संस्थानात पंधरवड्याला एक रती रडते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं कधीच थांबलंय.

रंगमंचावर प्रत्यक्ष मरण दाखवू नये हा संस्कृत नाटकाचा संकेतही याच जाणिवेतून आला असावा असं मला वाटतं. आमच्या बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने अभिनवगुप्ताच्या भाष्यासह भरताचं नाट्यशास्त्र छापलं, त्याचा पहिला खंड १९२६ चा. एम.ए.ला असताना तो हातात घेऊन बसलेय मी. पण मला संकेतापेक्षा तो मोडणारा नाटककार भास जास्त जवळचा. त्याच्या ऊरुभंग नाटकात दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो. मांड्या मोडून पडलेला आहे, आंधळा बाप त्याला शोधत येतो, आई येते, राण्या येतात, आणि लहानगा दुर्जय येऊन नेहमीसारखा मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला थांबवावं लागतं. त्या एका क्षणात गदायुद्ध, राज्य, वैर सगळं मागे पडतं आणि एवढंच उरतं की या पोराला आता मांडी नाही. भास हे करू शकला कारण त्याने मरणाऱ्याभोवती माणसं उभी केली आणि प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. आमच्या मुलांना मी हाच प्रसंग सांगते. मांडीवर बसायला येणारा कोण आहे ते आधी ठरवा, मग मारा.

सगळ्यात मोठी निराशा झाली ती प्लेगच्या वेळी. मॉडांनी संस्थानात प्लेग आणायचं जाहीर केलं तेव्हा मला आनंद झाला होता, कारण त्या काळाशी ते प्रामाणिक होतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे कित्येक वर्षं सगळ्या पश्चिम हिंदुस्थानात तो फिरत राहिला. त्या दिवसांत माणसं जगली कशी, हीच केवढी मोठी गोष्ट आहे! घरात उंदीर पडला की घर सोडायचं, गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायचं. स्टेशनावर उतारूंची तपासणी. घराघरांतून चुना आणि औषधाची फवारणी, सामान उन्हात. हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस काढली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. आमच्या गटात एक डॉक्टर आहे आणि एक वैद्यबुवा आहेत, लस घ्यावी की नाही यावर दोघांचं महिनाभर भांडण रंगलं असतं. माळावरच्या झोपड्यांत दिवाण आणि तेली शेजारी राहिले असते, एका विहिरीवर पाणी भरलं असतं. यमुनाबाईंनी सरकारी नोटिसा छापल्या होत्या, वाचायला कुणी आलं नाही, कारण बघता बघता गाठ आली, ताप आला, गेला, असं एकामागून एक सुरू झालं. माळावर एक झोपडी उभी राहिली नाही. प्लेगचा सबंध भाग म्हणजे नुसती प्रेतयात्रा झाली, आणि तीही कुणी खांदा न दिलेली.

त्याच सुमारास गटातल्या एका मुलीचे वडील खरोखरचे वारले. तिने काही दिवसांनी पात्राबाहेरच्या गप्पांच्या चॅनलवर एवढंच लिहिलं की सध्या माझ्याच्याने इथे वाचवत नाही, आणि ती गेली. नंतर माझ्याशी बोलली. घरी डेथ सर्टिफिकेटच्या प्रती काढणं, गॅसचं नाव बदलणं, बँकेत आईच्या सह्या, वडिलांच्या फोनवर अजून येणारे मेसेज, हे चाललेलं, आणि इथे उघडून बघावं तर कुणाचा तरी बाप मरतोय आणि परवा सगळे मेजवानीत. तिला त्या मरणाचा राग नव्हता, परवाच्या मेजवानीचा होता. मीही तेव्हापासून हे फक्त लिखाणातलं वैगुण्य म्हणून बघू शकत नाही.

पण चांगलं मरण कसं असतं तेही याच गटाने दाखवलं. खानावळीची गोदाक्का. लिहिणाऱ्या ग्वाल्हेरच्या, वयाने माझ्याहून मोठ्या, सगळे त्यांना काकू म्हणतात. डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांना लिहिणं थांबवायचं होतं. त्यांनी एकदम काही केलं नाही. एकेकाला खासगीत विचारलं, "बाळा, तुझं गोदाक्काशी काय राहिलंय?" कुणाची उधारी होती, कुणाला तिच्याकडून आमटी शिकायची होती, हरीला तिची माफी मागायची होती. काकूंनी सगळ्यांना वेळ दिला. गोदाक्का हळूहळू थकत गेली, पोळपाट दुसऱ्याच्या हाती देऊ लागली, एकदा आमटीत मीठ विसरली आणि कुणी बोललं नाही. मरणाची पोस्ट तीन ओळींची होती, आणि ती काकूंनी लिहिलीच नाही, सकाळी दूध घालायला आलेल्या गवळ्याने लिहिली.

मग तिची वही निघाली. काकूंनी आधीच लिहून मॉडांकडे ठेवली होती. उधारीची वही, प्रत्येकाच्या नावाचं पान. माझ्या पानावर लिहिलं होतं: यमुना, जेवणं अकरा, पैसे घेतले नाहीत, नवरा गेला त्या महिन्यातली. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. हरीच्या पानावर सगळी थकबाकी मांडून खाली आडवी रेघ मारलेली होती. फोटोग्राफरच्या पानावर, म्हणजे आधीच्या पहिलवानाच्या लेखकाच्या नव्या पात्राच्या पानावर, काही नव्हतं, कारण तो कधी खानावळीत आलाच नव्हता. त्या मुलाने ते पाहिलं आणि त्याच रात्री फोटोग्राफरला रिकाम्या खानावळीत आणून बसवलं. त्या वहीतून तीन-चार गोष्टी निघाल्या, त्या अजून चालू आहेत. दहाव्याला कावळा शिवेना म्हणून घाटावर सगळे बसून होते, आणि मग हरीने मोठ्याने सांगितलं की खानावळ मी चालवीन. ते दृश्य कुणी आधी ठरवलेलं नव्हतं.

वहीनंतर मॉडांनी नियम बदलले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. दोन पात्रांची मर्यादा काढली. परीक्षेला जाणाऱ्याचं पात्र आता 'परगावी' जातं, वेशीच्या चॅनलवर बैलगाडीत बसल्याचं लिहायचं आणि परत यायचं तेव्हा यायचं. मारायचंच असेल तर ज्यांच्याशी धागे चालू आहेत त्या सगळ्यांना आधी कळवायचं आणि प्रत्येकाला निदान एक प्रसंग द्यायचा. आणि मेलेल्याच्या लेखकाने नवं पात्र आणायच्या आधी दहाव्यापर्यंत थांबायचं. हा शेवटचा नियम काही जणांना जाचक वाटतो. मला तो सगळ्यात आवडतो. एक उणीव अजून आहे: पात्र मरण्यावाचून जे काही गमावू शकतं, हात, अब्रू, आवाज, घर, त्याची चर्चा अर्जाच्या वेळीच व्हायला हवी, ती होत नाही. घाटावरच्या बुवांचा आवाज गेला तर काय होईल, याचा विचार केला तरी माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो धागा अजून कुणी उचललेला नाही.

पाचपैकी चार तारे देते. पावसाळ्यात दोन दिले असते.

यायचं असेल तर नवे अर्ज दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घेतात. फोनवरूनही लिहिता येतं, पण देवनागरी टाइप करायला लॅपटॉप बरा पडतो. 'कुणाचं देणं लागतो' या रकान्यात एकच ओळ लिहून सोडू नका, दोन-तीन माणसांची नावं घाला, ती नावं उचलायला कुणीतरी येतंच. सुरुवात खानावळीतून करा. हरी रात्री नऊनंतर असतो, आमटी अजून बिघडते, पण पहिल्या दिवशी पैसे घेत नाही.